डॅशबोर्डमधली टकटक

सकाळचे साडेसात वाजायचा अवकाश, दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोर पन्नासेक माणसं हजर असायची. ट्रकवाले, नर्सबाई, बँकेतले कारकून, पोस्टमन, सगळे दादाकडेच गाडी शिकलेले. स्वेटरच्या बाह्या ओढत ते त्या जुन्या पांढऱ्या गाडीभोवती कोंडाळं करून उभे राहायचे. ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसलेला असायचा ‘रिव्हर्स’.

हे त्याचं टोपणनाव. गाडी मागे घेताना परीक्षेत तीनदा नापास झालेला दादाचा हा एकमेव विद्यार्थी. आता मात्र लोक त्याला अहोजाहो करत होते.

“शांतता!” तो घसा खाकरून म्हणायचा. “गुरुजी थंडीत आहेत. वाणीला ऊब लागते. ऊब मिळाली की वाणी फुटते!” मग तो हीटरचा गोल खटका भक्तिभावाने फिरवायचा आणि हात तिथेच ठेवायचा. “गुरुजी, आलात?”

टक.

डॅशबोर्डच्या आतून, डाव्या बाजूने, स्पष्ट. गर्दी एकदम शहारायची. कुणीतरी हुंदका द्यायचं.

हे लोक मूर्ख नव्हते, एवढं आधीच सांगतो. दादा, माझा थोरला भाऊ, सव्वीस वर्षं गाडी शिकवत होता आणि शिकवताना तोंड उघडायचा नाही. “बोललो की पोरं घाबरतात,” म्हणायचा. डावीकडच्या सीटवर बसून बोटाने डॅशबोर्डवर वाजवायचा. एक टक म्हणजे जा, दोन म्हणजे थांब. तो हृदयविकाराने गेला, गाडी महिनाभर बंद राहिली, आणि रिव्हर्सने ती सुरू केली तर दादाचं बोट जिथे पडायचं नेमक्या तिथूनच आवाज आला. त्या बोटाच्या इशाऱ्यावर गाडी शिकलेल्या माणसांना दुसरं काय वाटणार?

मी मात्र शाळेत विज्ञान शिकवतो. आणि माझ्या गाडीत मागच्याच वर्षी हुबेहूब हाच आवाज येत होता. डॅशबोर्डच्या आत गरम-गार हवेची झडप असते. ती फिरवणारी एक छोटी मोटर असते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. तिच्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते तुटले की ते घसरतं आणि टकटक वाजतं. मी ती स्वतःच्या हाताने बदलली होती. त्यामुळे पहिल्या दिवशी पहिला ‘टक’ ऐकला आणि मला कळलं.

मग मी गप्प का बसलो? सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

दादा गेला तेव्हा आमचं पाच महिने बोलणं नव्हतं. माझ्या मुलीला त्याने परीक्षेला पाठवलं नाही. “अजून कच्ची आहे, कुणाच्या तरी अंगावर घालेल,” म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण मी त्याला त्याच्या विद्यार्थ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. नंतर त्याचे दोन फोन आले, दोन्ही मी कापले. म्हटलं, जिरू दे थोडी.

त्या पहिल्या दिवशी वहिनीने खिडकीशी वाकून विचारलं, “अहो, भाऊजींवर अजून राग आहे का हो तुमचा?”

टक, टक.

“थांब म्हणजे नाही! राग नाही!” रिव्हर्स ओरडला, आणि मी, दहावीला यंत्रं शिकवणारा माणूस, पन्नास लोकांसमोर ढसाढसा रडलो. मला सगळं कळत होतं. तरी ते दोन ठोके मला हवे होते. चाक घसरतंय असं म्हटलं असतं तर माझी माफीही गेली असती. म्हणून रोज सकाळी मी गर्दीत जाऊन उभा राहायचो आणि तोंड शिवून परत यायचो.

तीन आठवड्यांनी वहिनी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मी धावत तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला, दोन्ही वेळा दोनशेच्या वर.

“गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“एकवीस दिवस झाले,” वहिनी खाली मान घालून म्हणाली.

“बंद करायला कुणी सांगितलं?”

“ह्यांनी. पहिल्या दिवशी सगळे गेल्यावर गाडीला विचारलं, गोळ्या चालू ठेवू का, तर दोनदा वाजलं.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दादाच्या मृत्यूचा दाखला त्यांनीच लिहिला होता. “आजची गोळी मी इथे देते,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून पुन्हा चुकली तर मेंदूत रक्तस्राव होईल. मग मला बोलावू नका.”

माझ्या माफीपायी मी वहिनीला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. परतताना मी तिला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली. मग म्हणाली, “उद्या सगळ्यांसमोर उघडा. टॉर्च मी धरते. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी मी नवा ॲक्च्युएटर आणि पाने-पक्कड घेऊन गेलो.

“सर, गुरुजींना त्रास होईल!” रिव्हर्स आडवा आला. “ही सूक्ष्म कंपनं आहेत, तुमच्या पुस्तकात नाहीत.”

“एकच कर,” मी म्हटलं. “हात मांडीवर ठेव आणि प्रश्न विचार.”

त्याने विचारला. गाडी सुरू होती, हीटर सुरू होता. आवाज नाही. पुन्हा विचारला. नाही.

“आता खटका फिरव.”

“ऊब कमी पडली असेल—”

“फिरव रे!” मागून पोस्टमन ओरडला.

त्याने फिरवला. टक, टक, टक, टक... खटका मागे घेतला, थांबलं. कितीदा वाजवायचं ते त्याची बोटं ठरवत होती.

मी किल्ली बंद केली, ग्लव्ह बॉक्स काढला, आणि डाव्या सीटच्या पायाशी उलटा आडवा झालो. डोकं खाली, पाय बाहेर. वहिनी टॉर्च धरून वाकली. दोन स्क्रू सहज निघाले. तिसरा झडपेच्या पाठीमागे, दिसतच नाही. बोटांनी चाचपडत, सालटी काढून घेत तो सोडवला. वायर तशीच ठेवून ती काळी डबी बाहेर ओढली, झडपेसारखा अडसर व्हावा म्हणून तिचा दांडा पक्कडीत धरला आणि डबी वहिनीच्या तळहातावर ठेवली. “किल्ली लाव आणि खटका फिरव,” मी रिव्हर्सला म्हटलं.

टक, टक, टक. वहिनीच्या तळहातावर.

तिने डोळे मिटून घेतले. मी डबी फोडून आतलं चाक सगळ्यांना दाखवलं. ओळीने तीन दाते तुटलेले. “माझ्या गाडीतही मागच्या वर्षी हेच झालं होतं,” मी म्हटलं.

“पण मी वाईट काय केलं?” रिव्हर्सचा आवाज चिरकला. “माणसांना आधार दिला!”

“गोळ्या बंद करून?”

“मला काय माहीत! गुरुजींना औषधं आवडायची नाहीत, म्हणून दोनदा वाजवलं.” मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “आणि सर, तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना? मग रडलात कशाला?”

पन्नास माणसं माझ्याकडे बघू लागली. मी पुन्हा खाली शिरलो. नव्या डबीचा दांडा झडपेच्या खाचेत बसवला, तिन्ही स्क्रू आवळले. किल्ली फिरवली तर नुसती बारीक घरघर, आणि डाव्या बाजूलाही गरम हवा आली. लोक एकेक करून निघून गेले.

वहिनी डाव्या सीटवर बसून राहिली.

“म्हणजे राग नाही म्हणाले, तेही...”

“तेही चाकच, वहिनी.”

तिने पर्समधून गोळी काढली आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली. मग शांतपणे म्हणाली, “रागावले होते, भाऊजी. खूप. शेवटच्या संध्याकाळीही म्हणाले, एवढा शिकलेला, पण फोन उचलायची अक्कल नाही. तुम्हाला कसं सांगू, म्हणून मी गाडीला विचारलं.”

हे लिहितोय ते रिव्हर्सला नावं ठेवायला नाही. त्याच्यासारखे सगळीकडे भेटतात, खटका कुणाच्या हातात आहे एवढं बघितलं की ते उघडे पडतात. बाकीचे बिचारे न कळून फसले. मला कळत होतं, मी फसू दिलं. तेव्हा कृपा करा, जे माहीत आहे ते त्याच दिवशी तोंडाने बोला. आपल्याला हवं तेच उत्तर मिळालं तर ते नको असलेल्या उत्तरापेक्षा दुप्पट तपासून घ्या. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आवाजाचं मेकॅनिकला विचारा. आणि भावाचं भावाला विचारा. त्याचे दोन फोन आले होते, तेव्हा तो बोलत होता.