सभापतींनी पाहिलेली पाटी

"संशोधन पथकाच्या मोटारीचा चालक राजाराम याने मोटारीतील शौचकूपाचा मैला डोक्यावरील पाटीतून वाहून ओढ्यात टाकला. त्यामुळे हळ्ळेवाडीच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी दूषित होऊन गावात जुलाब-उलट्यांची साथ उद्भवली. सदर कृत्य मंडळाचे सभापती श्रीमान लालासाहेब यांनी भर दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे."

हळ्ळेवाडीच्या ग्रामोदय मंडळाने १९७४ सालच्या फेब्रुवारीत प्रांतसाहेबांकडे पाठवलेल्या अहवालातला हा उतारा. शेवटी शिफारस होती की राजारामचा गाडी चालवण्याचा परवाना रद्द करावा आणि त्याच्यावर खटला भरावा. चौकशी होईपर्यंत परवाना काढून घेण्यात आलाही होता.

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि जुने कोरीव लेख वाचते. या व्यवसायात बनावट ताम्रपट पुष्कळ पाहावे लागतात. त्यांचे कर्ते राजाच्या नावात चुकत नाहीत, तिथीत तर सहसा नाहीच. ते पकडले जातात एखाद्या क्षुल्लक तपशिलात, ज्याची खातरजमा करण्याची त्यांना गरजच भासलेली नसते, कारण त्यांच्या मते जगात ती गोष्ट दुसऱ्या कोणत्या रीतीने घडूच शकत नाही. मंडळाचा अहवाल मी दोनदा वाचला आणि 'पाटी' या शब्दाशी थांबले. आमच्या गाडीत पाटी नव्हती. असती तरी तिचा उपयोग नव्हता. लेखकाने मोटार पाहिलेली नव्हती. त्याने केवळ चालकाची जात पाहिली होती आणि उरलेले चित्र परंपरेने त्याला तयार पुरवले होते. परंपरेच्या अभिमान्यांना परंपराही नीट ठाऊक नसते, हा एक वेगळाच विनोद. धर्मांतरापूर्वी आमच्या लोकांवर गावाने जी कामे लादली होती त्यांची यादी लांब आहे, परंतु मैला वाहणे तिच्यात नाही. द्वेषाला मात्र तळटीपा लागत नाहीत.

'आमच्या लोकांवर' असे मी लिहिले ते जाणूनबुजून. राजाराम माझा मावसभाऊ. आम्ही दोघे म्हसवडच्या एकाच वस्तीत वाढलो. तो फौजेत ट्रक चालवून परत आला, मी पुस्तकांत शिरले. चारचौघांत तो मला बाई म्हणे, घरी माले.

गाडीविषयी सांगायला हवे. माण आणि जत तालुक्यांतले वीरगळ आणि शिलालेख नोंदवायचे तर महिना-महिना मुक्काम हवा, आणि मुक्कामाला जागा मिळणे आमच्या बाबतीत आडनावावर अवलंबून असे. म्हणून एसटीच्या लिलावातली एक जुनी बस घेतली आणि मिरजेच्या गॅरेजात तिचे घर केले. तीन झोपायच्या फळ्या, स्टोव्ह, शिलालेखांच्या कागदी ठशांची कपाटे आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून घेता येईल असा संडास.

"संडास कशाला, बाई? एवढं माळरान पडलंय की!" गॅरेजवाला हसला.

माळरान पुरुषांसाठी असते. बाईच्या नशिबी अंधार पडेपर्यंत कळ काढणे असते. संडास झाला. त्याची लोखंडी टाकी बसच्या पोटाखाली बोल्टांनी घट्ट आवळली. तिला खाली एक पितळी कॉक आणि कॉकला जाड रबरी नळी. टाकी आणि रस्ता यांच्यात जेमतेम वीतभर अंतर.

मग प्रश्न आला, टाकी सोडायची कुठे? शिरवळच्या पेट्रोलपंपावर मालकाने आम्हांला हाकलले नाही, पण चाकांत हवा भरायलाही नकार दिला. एका नगरपालिकेच्या कारकुनाने मोठ्या अभ्यासूपणे विचारले, "हे वाहन आहे की इमारत? वाहनाचा मैला आमच्याकडे येत नाही. आणि इमारतीला चाकं नसतात." त्याच्या तर्कात मला दोष काढता आला नाही. त्याच्या तर्काप्रमाणे आम्ही अस्तित्वातच नव्हतो.

उत्तर मला माणच्या शिवारात मिळाले. तिथे शेतकरी धनगराला धान्य देऊन त्याची मेंढरे आपल्या रानात बसवून घेतो. लेंड्यांनी जमीन सुधारते. ज्या मुलखात लेंड्यांसाठी ज्वारी मोजली जाते तिथे आमच्या टाकीला गिऱ्हाईक मिळू नये? आम्ही पुढच्या गावी एसटीच्या कंडक्टरांकडून निरोप धाडू लागलो: विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर खड्डा खणावा, आम्ही टाकी सोडू, वर राख, चुना आणि मातीचा थर घालून देऊ, आणि पुढच्या हंगामापर्यंत तुमचे सोनखत तयार. नकाशावर आम्ही आधी खड्डे मांडत असू, मग शिलालेख. त्या हिवाळ्यात म्हसवडपासून जतपर्यंत आमचा मार्ग असा ठरला, आणि जेव्हा एका गावच्या दोन भावांत खड्डा कोणाच्या रानात यावरून भांडण लागले तेव्हा मला प्रथमच वाटले की माझ्या संशोधनाची समाजाला गरज आहे.

नळी सोडण्याचे काम पाळीपाळीने. एक दिवस मी, एक दिवस राजाराम, एक दिवस कृष्णात. कृष्णात आमचा छायाचित्रकार, वाळव्याकडच्या ऊसवाल्या मराठा घरातला. पहिल्या पाळीला त्याने नाकाला टॉवेल बांधला तेव्हा राजाराम म्हणाला, "काय रं गड्या, उसाला घातलं की सोनं, आन हातानं सोडलं की घाण व्हय?" कृष्णातने टॉवेल सोडला. पुढे त्याच्याइतकी स्वच्छ नळी आमच्यापैकी कोणीच धूत नसे.

हळ्ळेवाडीत खड्डा दिला तो भामाबाईंनी. ओढ्याच्या पार पलीकडे, उंचवट्यावर त्यांचे कोरडवाहू ज्वारीचे रान. "आवं बाई," त्या म्हणाल्या, "धनगर मेंढरं बसवायला पायलीनं ज्वारी मागतोय. तुमी तिघं फुकट बसताय. लय दिस ऱ्हावा!"

आम्ही पाच दिवस राहिलो आणि पुढे गेलो. त्यानंतर गावात साथ आली, आणि मग अहवाल.

राजारामला मी तो वाचून दाखवला. तो म्हणाला, "माले, लायसन गेलं तर गेलं. रानात राबून खाईन. पण त्या माणसानं माझ्या डोक्यावर पाटी ठेवलीया. ती सगळ्या गावासमोर खाली उतरली पायजे. कचेरीत बसून न्हाई."

तेव्हा मी प्रांतसाहेबांना विनंती केली की चौकशी हळ्ळेवाडीच्या चावडीत, सगळ्यांसमोर व्हावी. त्यांनी ती मान्य केली.

त्या सकाळी बस कृष्णातने चालवत आणली. राजाराम शेजारी बसून त्याच्या गिअर बदलण्याला शिव्या घालत होता. चावडीसमोर गाव जमले होते. सभापती लालासाहेब पांढऱ्या फेट्यात उभे होते. ते कृष्णातचे सख्खे मामा. आपला भाचा 'बाईंच्या गाडीवर फोटू काढतो' एवढेच त्यांना ठाऊक होते. अहवालात माझा उल्लेख 'विदुषी' असा होता, राजारामचा 'सदर इसम'.

लालासाहेबांनी मला बाजूला घेतले. स्वर मधाळ होता. "बाईसाहेब, तुमच्यासारख्यांवर आमचं कायबी म्हणणं न्हाई. तुमी शिकल्यासवरल्या, मोठ्या घरच्या. पण त्या लोकांची सवयच तसली. दुसरा डायव्हर बघा."

"राजाराम माझा मावसभाऊ आहे," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे झाले त्याला मराठीत नेमका शब्द नाही. संस्कृतातही मला आढळलेला नाही. ते जागच्या जागी दोन पावले दूर गेले.

प्रांतसाहेबांनी मला प्रश्न विचारण्याची मुभा दिली. मी अत्यंत नम्रपणे सुरुवात केली. खोट्या लेखाला त्याच्या कर्त्याकडूनच आणखी मजकूर लिहवून घ्यावा, ही आमच्या शास्त्रातली जुनी युक्ती.

"पाटी कशाची होती, सभापती?"

"पत्र्याची."

"भरलेली?"

"काठोकाठ. सांडत हुती अंगावर."

"किती खेपा केल्या?"

"तीन-चार तरी. मी झाडाखाली हुतो. नाकाला धोतर लावून बघितलं."

"आणि पाटी भरली कुठून?"

"कुठून म्हंजे? मागनं. संडासाच्या मागच्या झडपातनं. सगळीकडं असतंय तसं."

सगळीकडे असते तसे. बनावट ताम्रपट जिथे फुटतो ती रेघ हीच. शहरातल्या जुन्या टोपलीच्या संडासांना मागे झडप असते, आणि त्या झडपेशी वाकलेला माणूस लालासाहेबांनी कधीतरी पाहिला असावा. तोच त्यांनी उचलून आमच्या बसमागे ठेवला होता.

"प्रांतसाहेब," मी म्हणाले, "ही झडप आपण पाहावी, अशी माझी विनंती आहे."

सगळे बाहेर आले. बसच्या मागे सपाट, अखंड पत्रा होता आणि त्याच्यावर एसटीचा जुना लाल रंग. प्रांतसाहेबांनी बसला एक फेरी मारली, मग वाकून खाली पाहिले, टाकी पाहिली, कॉक पाहिला आणि कोणाला तरी पाटी आणायला सांगितली. पाटी म्हणून गवंड्याचे घमेले आले.

"सभापती, ही त्या कॉकखाली ठेवून दाखवा."

"मी?" लालासाहेब म्हणाले.

"तुम्ही पाहिलं आहे ना?"

राजाराम बॉनेटला टेकून उभा होता. "ठेवा की, सभापती. नवं घमेलं हाय, इटाळ न्हाई व्हायचा."

लालासाहेबांनी धोतर सावरले, वाकले आणि घमेले सरकवू लागले. ते टाकीला आपटले. आडवे करून पाहिले, पुन्हा आपटले. तिसऱ्या प्रयत्नात फेटा मडगार्डाला अडकून निघाला. गाव आवाज न करता हसत होते, आणि तसे हसू सर्वांत वाईट असते.

"मग नळीनं पाटीत सोडलं आसंल!" ते उठत म्हणाले. "त्यो डोक्यावर घिऊन चालला हुता, हे मी बघितलंय. तारीख सांगतो. सोमवार हुता."

"सोमवार?" कृष्णात बसच्या दारातून खाली उतरला. "मामा, सोमवारी पाळी माझी हुती."

"कसली पाळी?"

"नळी सोडायची. भामाकाकूच्या खड्ड्यावर. राजारामदादा त्या दिवशी एसटीनं जतला डिझेल आणाया गेलता."

"तू?" लालासाहेबांचा आवाज चिरकला. "आमच्या शांताचा पोरगा? तू मैल्याला हात लावलास?"

"हात न्हाई, कॉक. पण तुमी भर दुपारी, सवताच्या डोळ्यांनी बघितलं म्हणताय, तवा मलाच बघितलं असणार. सख्खा भाचा वळखला न्हाई व्हय?"

"डोक्यावर पाटी, म्हून तोंड दिसलं नसंल!" मागून कोणीतरी ओरडले, आणि आता मात्र गाव मोठ्याने हसले. प्रांतसाहेबांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला आणि तो गरजेपेक्षा बराच वेळ पुसला.

मग ते गंभीर झाले. "पण ओढ्यात मैला होता हे खरं. लोक आजारी पडले हेही खरं. तो आला कुठून?"

लालासाहेब फेटा बांधण्यात गुंतले होते. तेव्हा बायकांतून भामाबाई पुढे झाल्या.

"आवं सायेब, हितं उभं ऱ्हाऊन काय कळतंय? ओढ्याच्या काठानं वर चालत जावा की. नाक हाय न्हवं?"

प्रांतसाहेब निघाले. त्यांच्या मागे गाव निघाले. विहिरीवरून, कोरड्या वाळूतून, करंजाच्या झाडांपर्यंत. तिथे ओढ्याच्या काठाला एक चर येऊन मिळत होता. वरून माती लोटलेली होती. ओढ्यातले दगड काळे पडून त्यांवर माश्या बसल्या होत्या. चर मागे मागे जात होता, बांध फोडून, बाभळीखालून, आणि जिथे तो सुरू होत होता तिथे ग्रामोदय मंडळाचे अतिथिगृह उभे होते. पाहुण्यांसाठी नवा चुना दिलेले. ज्या जानेवारीत आम्ही गावात होतो, त्याच जानेवारीत तिथे मोठे पाहुणे उतरून गेले होते, हे गावाला माहीत होते. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते, कारण अहवालाने त्यांच्या मध्ये राजारामला उभे केले होते.

"हा चर कोणी काढला?" प्रांतसाहेबांनी विचारले.

लालासाहेबांनी इकडेतिकडे पाहिले. नेहमी ज्यांच्याकडे पाहून त्यांना उत्तर मिळे ते सगळे ओढ्याच्या वाळूकडे पाहत होते. बांधावर उभी असलेली एक म्हातारी तेवढी त्यांच्याकडे पाहत होती; तिचा नातू साथीतून जेमतेम वाचला होता.

आम्ही चावडीत परतलो. अहवाल तिथल्या तिथे रद्द ठरला. प्रांतसाहेबांनी राजारामचा परवाना आपल्या पाकिटातून काढला आणि बसल्या जागेवरून न देता उठून, दोन्ही हातांनी दिला. राजारामने खाडकन फौजी सलाम ठोकला. बाहेर कृष्णातने बसचा भोंगा वाजवला आणि तो थांबवायचाच विसरला. मग चर खणणारे गडी साक्षीला पुढे झाले आणि लालासाहेबांची जबानी झाली. कारकुनाने ती सभापतींच्या तोंडची, एक शब्द न बदलता लिहून घेतली आणि गावाला वाचून दाखवली.

"परत एकदा वाचा की, सायेब," राजाराम दारातून म्हणाला. "मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

कारकुनाने प्रांतसाहेबांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. कारकून उभा राहिला आणि या वेळी मोठ्याने, सावकाश वाचू लागला:

"पाव्हणं यायचं हुतं आन अतिथिगृहाची टाकी तुंबली हुती. चर काढून ओढ्यात सोडायला मीच सांगितलं. ओढा खाली विहिरीकडं जातो हे मला ठावं हुतं. डायव्हरला मी कायबी करताना बघितलं न्हाई. त्याचं नाव घेतलं, कारण त्याचं नाव घेतल्यावर कुणी पुरावा मागंल, असं मला वाटलं न्हाई."