विश्रामभाऊंच्या नांग्या

आमच्या कृषी संशोधन केंद्रात एक शेत आम्ही मुद्दाम आजारी ठेवलं होतं. मर रोगाने वाळलेली तुरीची झाडं दर वर्षी तिथेच गाडायची, म्हणजे रोग मातीत मुरतो. अशा मातीत जी तूर जगेल ती खरी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "निरुपमा, लोक शेत पिकवतात, तू रोग पिकवतेस."

नऊ वर्षं पिकवला. शेवटी माझ्या एका वाणाची शंभरातली नव्वद झाडं जगली, तीही सलग तीन वर्षं. शेजारच्या ओळीत जुनी तूर असायची. ती मरण्यासाठीच पेरलेली असते, म्हणजे मातीत रोग आहे हे कळतं. ती सगळी मेली. मग त्र्याऐंशीच्या जूनमध्ये बडोद्याभोवतीच्या साठ शेतकऱ्यांना माझं बियाणं दिलं. मी गर्वाने फुगले होते, कबूल करते.

त्या शेताची राखण विश्रामभाऊंकडे. मूळचे धुळ्याकडचे, पण तीस वर्षं बडोद्यात, त्यामुळे बोलणं अर्धं गुजराती. चप्पल बांधावर काढूनच शेतात उतरायचे. मी उगवण झाल्यावर एकदा झाडं मोजायची आणि शेंगा भरल्यावर एकदा. मधले दिवस मी प्रयोगशाळेत आणि शेत त्यांच्या हवाली. माझा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास होता.

जुलैअखेर ते निवृत्त झाले. हार, नारळ, चहा, फाफडा झाला. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बेन, नव्या माणसाला सांगा हं, पंपाच्या खोलीमागे पिशव्या ठेवल्यायत. मी नाही तर नांग्या कोण भरेल?"

"कसल्या नांग्या?"

"तुमच्या ओळीतल्या ने! झाड मेलं की जागा रिकामी पडते. पाकिटात उरलेलं तुमचंच बी मी पेरणीच्याच दिवशी पिशव्यांत लावायचो, चांगल्या मातीत. मेलं तिथे मातीच्या गड्ड्यासकट तेवढ्याच उंचीचं रोप बसवायचं, तेही गेलं तर परत दुसरं. जुन्या तुरीला हात नाही लावला हां. ती मरायचीच, तुम्हीच सांगितलेलं."

"किती भरल्यात?"

"अर्धी ओळ तरी. दर वर्षी." ते समाधानाने हसले. "कुणाला कळलं? माझ्या शेतात कुणी नांगी पाहिली नाही, बेन."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच स्वतःचा त्याहून जास्त. नांगी दिसली की भरायची, हे त्यांनी बापाकडून शिकलेलं. माझं सगळं काम त्या रिकाम्या जागा मोजण्याचं आहे, हे मी नऊ वर्षांत एकदाही त्यांना समजावलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी केंद्रप्रमुख साहेबांना हे सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, "बी जमिनीत गेलंय. आता उकरून काढणार का? थांबा, पाहू." मी थांबले नाही. यादी घेऊन शेतं हिंडले. यादीतलं पहिलं नाव मात्र मुद्दाम शेवटी ठेवलं. बियाण्याची पहिली पिशवी विश्रामभाऊंनीच हक्काने मागून नेली होती. वाघोडियाजवळ त्यांची तीन विघे जमीन होती आणि तिथे तूर दर वर्षी मर रोगाने जायची.

गेले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. शेत जागोजाग वाळलेलं. भाऊ ओणवे होऊन रोपाची एक पिशवी फाडत होते.

"या, या बेन! थोडी गेलीयत, पण घाबरू नका. रोपं आहेत ने माझ्याकडे."

मी बांधावर उभी राहूनच सांगून टाकलं. "भाऊ, ही तूर मर सोसत नाही. कधीच सोसत नव्हती. तुम्ही बसवलेली रोपं मी जगलेली म्हणून मोजली."

त्यांनी पिशवीतलं रोप गड्ड्यासकट बाहेर काढलं. मग म्हणाले, "मी भरली नसती तर?"

"तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. मधे येऊन मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

"आणि बाकीच्या एकोणसाठ जणांकडे?"

"हेच. बघूनच आले."

त्यांनी मान हलवली. हातातलं रोप खड्ड्यात ठेवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी भोवतीची माती दाबली. मग दुसरी पिशवी उचलून पुढच्या जागेकडे सरकले.

"नका भाऊ. तीही मरतील."

"माहीत आहे, बेन," ते म्हणाले. "पण रिकामी जागा बघवत नाही."