दादाच्या छातीचं माप

आमच्या दादाची छाती मधोमध आत गेलेली होती. उताणा झोपला की त्या खड्ड्यात वाटीभर पाणी सहज मावलं असतं. लहानपणी खड्डा जेमतेम होता, पण दादाची उंची वाढली तसा तोही वाढत गेला. बाबा शिंपी, त्यातही कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. दादाच्या प्रत्येक कपड्यात ते बकरम आणि कापसाचा असा काही थर बसवायचे की तो पहिलवानाचा धाकटा भाऊ वाटावा. गिऱ्हाइकं विचारायची, "पोरगा व्यायामशाळेत जातो वाटतं?" बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची, कारण हाच पहिलवान दुकानाचा जिना चढून आला की कापडाच्या ताग्यावर बसून धापा टाकायचा.

शेवटी आईने त्याला दवाखान्यात नेलं. आम्हीही मागोमाग गेलो. तपासणीत निघालं की छातीच्या हाडाने हृदय एका बाजूला ढकललंय आणि फुफ्फुसाला फुलायला जागाच नाही. सर्जनबाईंनी नीट समजावलं. छाती उघडायची नाही. दोन्ही काखांखाली लहानसा छेद घ्यायचा, दुर्बिणीतून बघत वाकवलेली स्टीलची पट्टी हाडामागून सरकवायची आणि आत गेली की उलटवायची. हाड पुढे उचललं जातं. दोनतीन वर्षांनी पट्टी काढून टाकायची.

"म्हणजे आतून अस्तर लावणार," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच," बाई हसल्या.

"मग मी बाहेरून लावलंय, त्यात काय वाईट आहे?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

घरी येऊनही त्यांचं तेच. "झाकली मूठ सव्वा लाखाची. चांगल्या हिंडत्याफिरत्या पोराच्या अंगात लोखंड कशाला घालायचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलला. कधी आवाज न चढवणारा माणूस, तेव्हाही चढवला नाही. "बाबा, तुमचा कोट घालून मी छान दिसतो. पण तो घालून मला जिना चढता येत नाही. मला श्वास पुरत नाही."

बाबा उठून दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाचं कापड उलट्या बाजूने कापून बसले. "चिडलेत ना?" मी आईला विचारलं. "घाबरलेत," ती म्हणाली. ऑपरेशनच्या दिवशी मात्र दादाच्या आधी चपला घालून तेच दारात उभे होते.

आत ऑपरेशन चालू असताना बाबांनी बाहेरच्या पडद्यांची शिवण किती भिकार आहे ते मला तीनदा सांगितलं. मी त्यांच्यावर खेकसले. मग माझीच मला लाज वाटली आणि मीही पडद्यांना नावं ठेवायला लागले. सर्जनबाई बाहेर आल्या. "पट्टी पहिल्यांदा मनासारखी बसेना. काढून पुन्हा वाकवली. आता झकास बसलीय."

"ट्रायल घेतलीत म्हणा की," बाबा म्हणाले, आणि भरल्या दवाखान्यात हुंदके देऊन रडले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दादाला खोकला आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. वाकायचं नाही, कूस बदलायची नाही, काही उचलायचं नाही. त्याच्या वाटणीची सगळी कामं माझ्या गळ्यात पडली आणि ती मी मनसोक्त कुरकुरत केली.

जखमा भरल्यावर बाबा म्हणाले, "आता याला नवा शर्ट." टेप काढली, दादाच्या छातीभोवती गुंडाळली, आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"तेवढाच! पूर्वीचाच आकडा! पोराने एवढं सोसलं आणि अर्धा इंचसुद्धा फरक नाही?"

दादाने खाली मान घालून आपल्याच छातीकडे पाहिलं. त्याचा रंग उडाला. इतके दिवस दुखणं हसून काढणारा दादा, पण आता त्याचे ओठ थरथरत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो बाबा, टेप कधी खड्ड्यात उतरते का? ती या काठावरून त्या काठावर जाते! आकडा तोच राहणार. टेपेखाली बोट घालून बघा."

इतकी वर्षं त्या टेपेखालून त्यांची अख्खी मूठ आरपार जायची. त्यांनी करंगळी घालून पाहिली. शिरेना. पुन्हा पाहिली, जरा खालून. तिथेही शिरेना. तळहात दादाच्या छातीवर सपाट ठेवून ते नुसते उभे राहिले.

"श्वास घे रे," ते म्हणाले.

दादाने घेतला. आधी बेताने, मग भीत भीत थोडा जास्त, मग छाती भरून. बाबांच्या चिमटीतून टेप सुटली आणि खाली पडली. ती उचलायला कोणीच वाकलं नाही.

"अजून घे," बाबा म्हणाले.