शेजारच्याचं ताट

थेंबसरांनी निमंत्रण स्वीकारलं ते एकाच अटीवर. भाषण करीन, पण जेवणार नाही. फोनवर उपप्राचार्याबाई म्हणाल्या, "बघू सर, या तर आधी!" बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. सरांना वरवर हो म्हणायचं आणि शेवटी आपलंच खरं करायचं, ही विद्या त्यांना कॉलेजात असल्यापासून अवगत होती.

थेंबसर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उभी नोकरी त्यांनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली आणि "एक थेंब जास्त पडला की सगळं मुसळ केरात!" असं ओरडत काढली. त्यांचा स्वतःचा हात इतका स्थिर की नळीच्या टोकाशी आलेला थेंब परवानगी मिळेपर्यंत खाली पडत नसे. ज्याचा हात थरथरेल त्याची मात्र धडगत नव्हती. "हात आहे की पंखा?" असा आवाज यायचा आणि शेजारच्या वर्गातलीही मुलं दचकायची.

आता तोच हात पंखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, वय झालं की होतं असं. डॉक्टरांचं म्हणायला काय जातं! वाटीतून भरून निघालेला चमचा तोंडाशी पोचेपर्यंत रिकामा होत होता. एकदा घरी पाहुणे असताना अख्खी वाटी नव्या टेबलक्लॉथवर उपडी झाली. कोणी काही बोललं नाही. मुलगा गप्प, सून गप्प, नातही गप्प. कोणी खेकसलं असतं तर परवडलं असतं, पण त्या शांततेने सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून बातम्या ऐकायच्या निमित्ताने त्यांचं ताट खोलीत जाऊ लागलं. बाहेर टेबलाशी त्यांच्या खुर्चीवर आधी नातीचं दप्तर आलं, मग इस्त्रीचे कपडे. सुनेने चार वेळा बाहेर बोलावून पाहिलं आणि मग तीही बोलावेनाशी झाली. एकट्याने जेवण्यात फार शांती आहे, असं सर सगळ्यांना सांगत. साफ खोटं. बाहेरचं हसणं ऐकू यावं म्हणून ते बातम्यांचा आवाज बारीक ठेवत.

उपप्राचार्याबाईंच्या या कार्यक्रमाचं नाव 'ताटावरच्या गप्पा'. त्याआधीची व्याख्यानं म्हणजे नुसता देखावा होता. पाहुणा मंचावर, आणि समोर ऑफिसातून हाकून आणलेली चार माणसं. वसतिगृहातली मुलं गावातल्या मुलांना ओळखत नव्हती आणि शिक्षक ऑफिसातल्यांना. म्हणून बाईंनी सगळ्यांना भोजनगृहात एका लांब टेबलाशी बसवलं. चिठ्ठी काढून जागा ठरायच्या. पाहुण्याने आधी सगळ्यांबरोबर जेवायचं आणि मग बसल्या जागेवरूनच बोलायचं. नियम एकच, स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचं नाही. आपल्या उजव्या हाताला बसलेल्याचं वाढायचं.

जेवणं उरकल्यावर पोचायचं, असा सरांचा बेत होता. पण बाईंनी त्यांना वेळच खऱ्यापेक्षा तासभर आधीची सांगून ठेवलेली. सर पोचले तेव्हा लोक नुकते बसत होते, आणि काढता पाय घ्यायला वाव नव्हता.

डावीकडे ऑफिसातले हेडक्लार्क होते. "पोट बरं नाही हो," असं सर म्हणेपर्यंत त्यांनी सूप आणि भात वाढूनही टाकला. सरांनी दोन्ही हात टेबलाखाली दडवले. चमचे वाजू लागले, गप्पा सुरू झाल्या. उजवीकडे पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती, समोर रिकामं ताट आणि हात मांडीवर.

"अगं, घे ना वाढून," सर कुजबुजले.

"स्वतःचं स्वतः नाही ना घ्यायचं, सर."

"मग जेवणार कशी?"

"तुम्ही वाढाल तेव्हा." ती टोमणा मारत नव्हती, आपलं साधं सांगत होती. "सकाळी उठायला उशीर झाला, नाश्ता बुडाला माझा."

झाली का पंचाईत! स्वतः उपाशी राहायची सरांची तयारी होती. त्यांनी आयुष्यात पुष्कळ पोरं नापास केली होती, पण एकालाही उपाशी ठेवलं नव्हतं.

त्यांनी मनाचा हिय्या केला आणि दोन्ही हातांनी डाव उचलला. भांड्यातून तो काठोकाठ भरून निघाला. थोडं सूप टेबलावर सांडलं, थोडं मुलीच्या बाहीवर, थोडं सरांच्या पांढऱ्या शर्टावर. वाटीत पोचलं ते जेमतेम अर्धं.

आसपासच्या गप्पा थांबल्या. ही शांतता सरांच्या ओळखीची होती. घरी हिलाच भिऊन तर ते खोलीत जाऊन बसले होते. समोर उपप्राचार्याबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. सरांनी मान खाली घातली आणि आपल्या हाताकडे पाहिलं, नापास होऊ घातलेल्या पोराकडे पाहावं तसं. मग जुन्या, खणखणीत आवाजात ते गरजले, "हात आहे की पंखा?"

आधी बाईंना हसू फुटलं. त्यांच्यामागून सगळं टेबल खो खो हसू लागलं. मुलगी बाही पुसत म्हणाली, "सर, अजून थोडं वाढा ना. अर्धं टेबलानेच खाल्लं."

सरांनी पुन्हा वाढलं. पुन्हा सांडलं, पण एव्हाना लोक आपापल्या गप्पांना लागले होते. हेडक्लार्कांनी सरांचं सूप हळूच एका कपात ओतलं. "यातून प्या सर. माझी आई असंच पिते." सर प्यायले. सूप गरम होतं. अंगावर सांडून भाजू नये म्हणून घरी ते सगळं गार करून खात, त्यामुळे गरम सुपाची चवच विसरले होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते खुशाल भरू दिले.

भाषण ठीकच झालं, उगाच खोटं कशाला सांगा. पण ते संपल्यावरही कोणी उठेना.

संध्याकाळी सून नेहमीप्रमाणे त्यांचं ताट खोलीकडे घेऊन निघाली, तर सर डागाळलेल्या शर्टातच टेबलाशी उभे. त्यांनी खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून नातीच्या हातात दिले आणि बसले.

"रश्श्याचं भांडं दे इकडे."

"बाबा, मी वाढते ना."

"दे म्हटलं ना." नात उजवीकडच्या खुर्चीत येऊन बसली होती. सरांनी तिला वाढलं. सांडायचं ते सांडलंच, त्याच टेबलक्लॉथवर. मुलगा गप्प झाला, सून गप्प झाली.

"असे गप्प बसू नका रे!" सर कळवळून म्हणाले. "ओरडा, हसा, काय वाटेल ते करा. पण गप्प नका बसू. तेवढंच मला सोसत नाही."

नातीने आधी टेबलाकडे पाहिलं, मग वाटीकडे. "आजोबा, माझ्यापेक्षा टेबलालाच जास्त वाढलंत की!"

मुलाला हसू आवरेना. सून सरांच्या उजवीकडे नव्हती, चांगली समोर बसली होती. तिने डोळे पुसले आणि टेबलावरून आपलं ताट पुढे केलं.

"बाबा, मलाही वाढा."