कॉम्प्युटरचं कपाळ

मी अदिबा. नववी ब. आष्टीत नगर रोडला दुचाक्यांचं एक गॅरेज आहे, ते चालवणारे मुस्तकीम मिस्त्री म्हणजे माझे अब्बा. पण जुलैपासून शाळेत मला कुणी मिस्त्रीची पोरगी म्हणत नाही. डॉक्टरीण म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

आमच्या कॉम्प्युटर खोलीत टेबलं आठ आणि कॉम्प्युटर एक. कॉम्प्युटरच्या सरांची जूनमध्ये बदली झाली, आणि जुलैमध्ये मुख्याध्यापक विठ्ठलराव सरांच्या हातून कुठली तरी तीन बटणं एकदम दाबली गेली. पडद्यावरचं सगळं आडवं झालं. सरांनी दोन दिवस मान खांद्याला टेकवून काम केलं. तिसऱ्या दिवशी शाळेत खिचडी करणाऱ्या छबुमावशींना त्यांची दया आली, आणि त्यांनी आख्खा मॉनिटरच कुशीवर निजवून दोन विटांचा टेकू दिला. मी सरांना वही द्यायला गेले होते. म्हटलं, सर, एक मिनिट. कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण एकदम दाबला. अक्षरं हलली आणि परत आडवी दिसायला लागली, कारण मॉनिटर अजून झोपलेलाच होता. सर म्हणाले, "घालवलंस का पार?" मी विटा काढल्या, मॉनिटर उभा केला. सरांनी मान सरळ केली तेव्हा ती कट्ट वाजली. त्याच दिवशी खोलीची किल्ली माझ्याकडं आली.

तेव्हापासून मी सगळ्यांना शिकवत सुटले. आधी वायर नीट बसलीय का बघा. मग बंद करून चालू करा. मग पडद्यावर काय म्हणतंय ते वाचा. मोठी माणसं वाचतच नाहीत. चौकोन उघडला की घाबरून ‘ओके’ दाबतात आणि नंतर म्हणतात, मी काहीच केलं नाही. कामाच्या फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, हेही मी सरांना तीनदा सांगितलं. सर म्हणाले, "पेनड्राइव्ह कपाटात कुलूपबंद हाय. त्याला व्हायरस लागू नये म्हणून कोराच ठेवलाय."

मग आली खंडेनवमी. आमच्या शाळेत त्या दिवशी सगळ्यांची पूजा होते. घंटेची, खडूच्या डब्याची, खिचडीच्या मोठ्या पातेल्याची आणि कॉम्प्युटरची. मी ऐटीत सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, आधी नीट शटडाऊन करायचं, मग हार घालायचा. केलं. छबुमावशी वाटीत ओलं कुंकू आणि अक्षता घेऊन पुढं आल्या. मॉनिटरकडं बघितलं, खालच्या काळ्या डब्याकडं बघितलं, आणि मला विचारलं, "हेचं कपाळ कुठं हाय गं?"

आता मी काय माहीत नाही म्हणणार होते? डब्यावर वरच्या बाजूला चालू करायचं गोल बटण आहे. मी त्यावर बोट ठेवलं. "हे. सगळं इथूनच सुरू होतं."

त्यांनी अंगठा भरून कुंकू लावलं, वर अक्षता दाबून चिकटवल्या. छान दिसत होतं. मग नारळ फोडला तर तो नासका निघाला. सर म्हणाले, "असू द्या, होतंय कदीमदी," आणि साखर वाटली. छबुमावशींचं तोंड मात्र एवढंसं झालं.

सुट्टी संपून सोमवारी शाळा भरली. हार काढला, कुंकू पुसलं, बटण दाबलं. लाइट लागला, पंखा फिरला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, आणि मी पाच म्हणेपर्यंत सगळं बंद. परत दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच, बंद.

एरवी मी हसले असते. पण त्या कॉम्प्युटरमध्ये यादी होती.

यादीचं सांगते. आमच्याकडचे पुष्कळ आईबाप ऊस तोडायला जातात ते सहा महिन्यांनी येतात. त्यांच्या पोरांना मागं ठेवून घेण्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे दोन वेळचं जेवण आणि शाळा चालू. यंदा पहिल्यांदाच नववीची पोरंही घेणार होते. बत्तीस नावं. सरांनी एका बोटानं अकरा दिवस टाइप केली होती, सोबत फोटो आणि आईबापांच्या सहीची पत्रं स्कॅन करून; मूळ पत्रं आईबापांना परत गेली होती. ती यादी मंगळवारी पाचच्या आत वरच्या ऑफिसला मेलनं जायला हवी होती. नवीन करायची तर सह्या कुठून आणणार? निम्म्या टोळ्या गाड्या भरून निघून गेल्या होत्या.

आणि त्या यादीत एकोणिसावं नाव सायलीचं होतं. सायली माझ्या बाकावर बसते. गेल्या वर्षी ती दिवाळीला गेली ती एप्रिलमध्ये आली, तोवर आमचं बीजगणित संपलं होतं. तिची आई म्हणाली होती, नाव लागलं तर ऱ्हा, न्हाईतर गुरुवारी ट्रॅक्टरवर चढ.

"डॉक्टरीणबाई," सायली म्हणाली, "पेशंटचं काय?"

"होतंय," मी म्हटलं.

नाही झालं. मी वायर काढून घातली. दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघितलं. माऊस, कीबोर्ड, सगळं उपटून नुसता डबा चालू केला. पाच. सेफ मोडमध्ये जायचं म्हटलं तर पाच सेकंदांत कुठं जाणार, दारातच पोचत नव्हते. विठ्ठलराव सर मागं उभं राहून दर वेळी मोजत होते, आणि पाचला असे म्हणत होते जणू मीच ते पाच करतेय.

शेवटी सरांनी स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानाच्या हरिओमदादाला बोलावलं. हरिओमदादा आला, बटण एकदा दाबलं, पाच मोजले, आणि खुर्चीवर टेकून म्हणाला, "विंडोज मारावी लागंल."

हरिओमदादा प्रत्येकाला हेच सांगतो. माऊस चालत नाही? विंडोज मारू. प्रिंटर कागद ओढत नाही? विंडोज मारू.

सायलीनं विचारलं, "मारल्यावर आतली यादी ऱ्हाती का, दादा?"

"काईच ऱ्हात न्हाई. एकदम नवी नवरी."

सर खिडकीकडं बघत म्हणाले, "निदान मशीन तरी चालू होईल."

"उद्या अकराला येतो, डबा दुकानात नेतो," म्हणून हरिओमदादा गेला. छबुमावशी दारात पातेलं घासत होत्या. हळूच म्हणाल्या, "नारळ नासका निगाला तवाच मला वाटलतं. माज्या हातूनच पूजेत काईतरी चुकलं." आणि कॉम्प्युटरकडं पाठ करून बसल्या.

शाळा सुटल्यावर मी गॅरेजवर गेले. अब्बा एका मोटारसायकलीच्या हँडलशी वाकले होते. त्यांच्याशी मी घरच्या बोलीत बोलते, इथं मराठीत लिहिते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

"खंडेनवमीच्या सकाळी."

"मग त्याच्यानंतर त्याला काय काय केलं?"

"मी काहीच केलं नाही."

अब्बा हसले. "माझ्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं."

मला जरा राग आला. विषय बदलायला म्हणून विचारलं की ही गाडी कशाला आलीय. अब्बा म्हणाले, "स्टार्टरचं बटण आत गेलं की बाहेर येत नाही. दसरा झाला की दोन-तीन तरी येतातच. लोक प्रेमानं हँडलला कुंकू लावतात, वर तांदूळ. वाळलं की बटण बसतं." आणि जुन्या टूथब्रशनं त्यांनी बटणाच्या फटीतून लालभडक पावडर काढली. मग एक तांदूळ. टप्पकन माझ्या पायाशी पडला.

मी त्या तांदळाकडं बघत राहिले आणि माझे कान तापायला लागले. कॉम्प्युटरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की तो बळजबरीनं बंद होतो. हे मला माहीत होतं. हे मी सातवीच्या पोरांना शिकवलं होतं, आणि वर म्हटलं होतं, असं कधी करू नका. दोन-तीन महिने ज्याची डॉक्टरीण म्हणून मिरवले, त्याचं बटण सकाळपासून दर वेळी आतच अडकत होतं, आणि त्याचं कपाळ कुठंय ते मीच दाखवलं होतं.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"काही नाही. हा ब्रश उद्या नेऊ का?"

खरं सांगते, घरी जाताना मी एक बेत केला होता. सकाळी लवकर जायचं, गुपचूप तांदूळ काढायचा आणि सगळे आले की कीबोर्डवर जोरजोरात काहीतरी टाइप करून म्हणायचं, झालं, रजिस्ट्रीत गडबड होती. रजिस्ट्री म्हणजे काय हे कुणीच विचारत नाही. मला रात्रीच्या जेवणापर्यंत तो बेत फार आवडला.

सकाळी सव्वानऊलाच गेले तर माझ्याही आधी छबुमावशी तिथं. आठला येणाऱ्या त्या सातलाच आल्या होत्या, नवा नारळ आणि ऑफिसातली दुसरी किल्ली घेऊन. डब्यासमोर पाट मांडला होता. "माजं चुकलं आसंल तर माफी मागते म्हनलं," त्या म्हणाल्या. "पोरं टॅक्टरवर जातील गं माज्यापायी."

टूथब्रश माझ्या दप्तरात होता. त्या नारळाची शेंडी सोलत होत्या.

"छबुमावशी, तो नारळ राहू द्या. तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं."

"तुजं कसं?"

"कपाळ मी चुकीचं दाखवलं."

त्यांना कळेना, म्हणून मी बटण दाबून दाखवलं. बटण आत गेलं आणि आळशी माणसासारखं सावकाश बाहेर येऊ लागलं. काल दिवसभर मी ते पंचवीस वेळा दाबलं होतं, पण नजर सारखी पडद्यावर. बटणाकडं एकदाही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात सर आले, सायली आली, आणि अकराचं सांगून हरिओमदादा साडेनऊलाच आला, बाइकवर डबा बांधायला सुतळी घेऊन. मला सगळ्यांसमोर परत सांगावं लागलं. हरिओमदादा ऐकून म्हणाला, "तांदळानं कुटं विंडोज बिघडती व्हय? सर, हिच्या नादी लागू नका."

"विंडोज बिघडलीच नाही, दादा. ती पाच सेकंदांत उठतच नाही, तर बिघडणार कधी?"

सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग हरिओमदादाच्या सुतळीकडं बघून म्हणाले, "धा मिनिटं देतो."

मी आधी प्लग काढला. काहीही कुरतडायच्या आधी प्लग काढायचा, हे लक्षात ठेवा. ब्रशनं वाळकं कुंकू निघालं, पण तांदूळ खोल बसला होता. सायलीनं केसातली पिन दिली, ती जाड पडली. मग छबुमावशींनी केरसुणीतली एक काडी मोडून दिली. मी काडी फटीत घातली, फिरवली, आणि लाल झालेला तांदळाचा दाणा बाहेर आला. छबुमावशींनी तो तळहातावर घेतला.

"येवढूसा," त्या म्हणाल्या.

प्लग लावला. बटण दाबलं, या वेळी ते टुणकन बाहेर आलं. आम्ही सगळे मोजायला लागलो. चार. पाच. सहा. सहा म्हणताना सरांचा आवाज चिरकला. दहा झाले. पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली.

अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. तीन टक्के.

"बंद कर, बंद कर," सर म्हणाले.

"वाचा ना, सर. बंद करू नका असंच लिहिलंय."

पावणेदहाला तीन टक्के. साडेअकराला एकतीस. छबुमावशींनी खिचडीची चूल हरिओमदादाच्या हवाली केली आणि स्वतः प्लगसमोर स्टूल टाकून बसल्या, कुणाचा पाय लागू नये म्हणून. शाळा तपासायला केंद्रातून कुणीतरी आलं त्यांनाही त्यांनी खोलीत येऊ दिलं नाही. खिचडी त्या दिवशी करपली. अडीचला सत्त्याऐंशी टक्के असताना लाइट झपकन मंद झाली, परत आली, आणि सायलीनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. कॉम्प्युटर चालूच राहिला.

तीन वाजून दहा मिनिटांनी डेस्कटॉप दिसला. यादी कुठंय विचारल्यावर सर म्हणाले, "न्यू फोल्डर चौदामधी." न्यू फोल्डर चौदाच्या आत न्यू फोल्डर तीन होता. त्यात बत्तीस नावं होती, फोटो होते, सह्या होत्या. सायलीनं एकोणिसाव्या नावावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही, मला तिचं बोट बाजूला करून फाईल जोडावी लागली. चार वाजून सहा मिनिटांनी मेल गेला.

मग मी सरांपुढं हात पसरला. सरांनी कपाट उघडलं आणि तो कोरा पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला, लग्नातली अंगठी द्यावी तसा.

हरिओमदादा चुलीपाशी हात पुसत म्हणाला, "मी पन तेच म्हनणार व्हतो. बटनाचंच वाटत व्हतं मला."

"मग सुतळी कावून आणलती?" सायली म्हणाली.

छबुमावशींनी नवा नारळ फोडलाच. पांढराशुभ्र निघाला. वाटीतलं कुंकू घेऊन त्या डब्याजवळ गेल्या, थांबल्या, आणि माझ्याकडं बघितलं. मी टेबलाच्या पायाकडं बोट केलं. त्यांनी तिथं लावलं.

बुधवारी कळलं, नाव लागलं. गुरुवारी सायलीची आई ट्रॅक्टरवर चढली. सायली फाटकापाशी ट्रॅक्टर वळेपर्यंत उभी राहिली, मग कॉम्प्युटर खोलीत आली आणि नाक ओढत खुर्चीवर बसली. मी तिला म्हटलं, चालू कर.

"किती वेळ दाबायचं?"

"एकदाच. अन् बोट काढून घे."