डोरीनच्या बाल्कनीकडे रोखलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी दुर्बीण. दक्षिण लंडनमधल्या एका टेकडीवर, बागेच्या कठड्यापाशी गेली साठ वर्षं उभी आहे. मला इथे आणलं तेव्हा शाळेची मुलं माझ्यापुढे रांग लावत. मोठ्या चर्चचा घुमट, नदीवरचे पूल, सगळं मी त्यांच्या डोळ्यांजवळ आणून देत असे. पुढे क्रेन आल्या, काचेचे मनोरे उभे राहिले आणि घुमट त्यांच्यामागे गेला. मुलं फोनवर फोटो काढू लागली. माझ्याकडे कुणी वळेना.

डोरीन पॅस्को मात्र दर मंगळवारी यायची. पूर्वी ती बसवर कंडक्टर होती. समोरच्या वसाहतीत चौदाव्या मजल्यावर तिनं एकेचाळीस वर्षं काढली होती. इमारतीची दुरुस्ती करतो, दोन वर्षांत परत आणतो, असं सांगून पालिकेनं सगळ्यांना शहराबाहेर हलवलं होतं. तिचा जुना शेजारी एरोल सोबत असायचा. ती माझ्यातून आपली पिवळी बाल्कनी बघायची आणि मग दोघं बाकावर बसून चहा प्यायची.

एका मंगळवारी तिनं डोळा लावला आणि मला पुन्हा पुन्हा त्याच दिशेला वळवलं.

"एरोल, माझी बाल्कनी दिसत नाही."

"चष्मा विसरलीस वाटतं. जरा डावीकडे फिरव."

"डावीकडे नुसतं आकाश आहे."

मला शुक्रवारपासून ठाऊक होतं. वरचे मजले आणि डोरीनची बाल्कनी माझ्यादेखत पाडली होती. पण सांगायला मला तोंड कुठे होतं?

डोरीननं तिथूनच पालिकेत फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, तिथे फक्त दुरुस्ती चालू आहे."

"मी आत्ता बघतेय, बाई. माझ्या स्वयंपाकघराची भिंत उघड्यावर उभी आहे. तिच्यावरच्या निळ्या टाइल्स मीच बसवल्यात."

"थांबा हं," पलीकडची बाई म्हणाली, आणि फोनमध्ये गाणं वाजू लागलं. डोरीन ते गाणं ऐकत तशीच उभी राहिली.

एरोलनं आपला फोन माझ्या काचेला टेकवून फोटो काढले. ते घेऊन त्या इमारतीतली सव्वीस कुटुंबं पालिकेच्या सभेत गेली. इमारत वाचली नाही. त्या जागी होणाऱ्या नव्या मनोऱ्यात घर देण्याचं लेखी वचन अकरा कुटुंबांना मिळालं. डोरीनचं नाव त्यात नव्हतं. का नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही.

डोरीनला बघायला बाल्कनीच उरली नाही; आता एरोल एकटाच येतो.

शेजारची इमारत अजून उभी आहे. तिथेही दुरुस्तीची पाटी लागली आहे. नवव्या मजल्यावर कुणीतरी रोज सकाळी कपडे वाळत घालतं. मित्रांनो, माझी काच धुळीनं भरत चालली आहे. येता-जाता रुमालानं पुसा, आणि पुसल्यावर एकदा तिकडे बघा.