लेखी विनंती

सोमवार, ३० जून २०२५. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. कॉल्डरविक रोव्हर्स फुटबॉल क्लबच्या वरच्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत चार माणसे बसली होती, आणि चौघांपैकी एकानेही समोरच्या चहाला हात लावला नव्हता.

क्लाइव्ह थॅकरे खिडकीपाशी बसला होता. गावातल्या घरांचे बॉयलर दुरुस्त करणे हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. शेजारी त्याचा मुलगा कोरी; वीस वर्षांचा, रोव्हर्सच्या मधल्या फळीतला खेळाडू, आठव्या वर्षापासून याच क्लबच्या मैदानावर वाढलेला. समोर अध्यक्ष नॉर्मन हॉल्डस्वर्थ आणि हिशेबखात्याची प्रमुख फिलिपा लम. कोरीला दक्षिणेतल्या सॉल्टमार्श क्लबने नव्वद लाख पौंडांना घ्यायचे ठरवले होते. वैद्यकीय तपासणी शनिवारीच झाली होती. आज केवळ सह्या उरकायच्या आहेत, असे बापलेकांना सांगण्यात आले होते.

"एक कागद राहिलाय," हॉल्डस्वर्थ म्हणाले आणि तो त्यांनी दोन बोटांनी पुढे सरकवला.

कोरीने वाचला. एकच वाक्य होते. क्लब सोडून जाण्याची परवानगी मिळावी, अशी मी विनंती करतो.

"मी कधी मागितली?" कोरी हसला. "शुक्रवारी तुम्हीच फोन केलात ना, बॅग भर म्हणून? मी तर अंघोळीला निघालो होतो."

कोणीच हसले नाही, तेव्हा त्याचेही हसू विरले.

फिलिपाने घसा साफ केला. तिचे बोलणे नीटनेटके होते; मात्र हातातली पेन्सिल ती सारखी फिरवत होती. "तीन वर्षांत मिळून तीन कोटी नव्वद लाखांपर्यंतच तोटा चालतो, हा लीगचा नियम. आमचं हिशेबाचं वर्ष आज संपतं. तुझी विक्री धरली की आम्ही मर्यादेच्या चार लाख खाली राहतो. पण तुझ्या करारात सही केल्याबद्दलची बक्षिसी आहे. तिचे सहा लाख अजून द्यायचे आहेत. क्लबनं तुला विकलं, तर ते सगळे आजच द्यावे लागतात. तू स्वतः लेखी मागून गेलास, तर एक पैसाही नाही."

"म्हणजे मी मागितलं नाही, तर तुम्ही दोन लाख वर."

"हो."

"मग नकोत मला ते सहा लाख. सोडले."

"असे सोडता येत नाहीत," फिलिपा म्हणाली. "तो करारातला बदल झाला. त्याला खेळाडूंच्या संघटनेची संमती लागते, लीगकडे नोंद लागते. दोन दिवस जातात. लीगचं कार्यालय पाचला बंद होतं."

"हे तुम्हाला आज कळलं?" क्लाइव्हने विचारले.

हॉल्डस्वर्थांनी टक्कल चोळले. "पोरं जाताना पत्र देतातच, क्लाइव्ह. पद्धतच आहे तशी. हिशेबात आम्ही ते धरूनच चाललो होतो."

क्लाइव्हने आवाज साधा ठेवला. "तो स्वीडनचा लुंडक्विस्ट विका की. एक कोटी चाळीस लाख मोजलेत त्याचे. तीन गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात."

"त्याला विकून वहीत काही उरत नाही," फिलिपा म्हणाली. "विकत घेतलेल्याची किंमत वर्षावर्षाला वाटून लिहितात. अजून अर्धी शिल्लक आहे. कोरीला आम्ही विकत घेतलाच नव्हता. त्याचा आलेला पैसा म्हणजे सगळा नफा."

"म्हणजे घरचं सोनं मोडायचं आणि बाजारातलं पितळ जपायचं."

"नियम मी केला नाही," हॉल्डस्वर्थ म्हणाले.

"पितळ मात्र तुम्हीच आणलंत."

पण क्लाइव्हचे लक्ष आता बोलण्यात नव्हते. त्याला प्रॉक्टरच्या आईचे घर दिसत होते. चार वर्षांपूर्वी गोलरक्षक प्रॉक्टर असाच जूनअखेरीस गेला. 'खेळाडूच्या लेखी विनंतीवरून' हे शब्द क्लबने छापले, आणि गावाने ते पाठ केले. डिसेंबरात म्हातारीचा बॉयलर बंद पडला म्हणून क्लाइव्ह गेला होता. दार उघडण्यापूर्वी तिने आतून तीन वेळा नाव विचारले. दारातली टपालाची फट आतून फळी ठोकून बंद केलेली होती. तिच्यातून काय काय आत पडत असे, हे तिने सांगितले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता. "थंडी बॉयलरमुळे नाही रे," ती म्हणाली होती, "थंडी तिथनं येते." क्लाइव्हने बॉयलर दुरुस्त केला, पैसे घेतले आणि निघून आला. पोराने मागितले होते, मग गाव चिडणारच, एवढेच तेव्हा त्याच्या मनात आले होते.

आता त्याने हॉल्डस्वर्थांकडे पाहिले. "प्रॉक्टरनं खरंच मागितलं होतं?"

अध्यक्षांनी पहिल्यांदाच चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे नव्हतं मागितलं."

"क्लाइव्ह, मला ते सांगता येणार नाही."

डेनिस, क्लाइव्हची बायको, गावच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसे. दिवसाकाठी शंभर माणसे तिच्यासमोरून जात. जोसी चौदा वर्षांची; भावाच्या नावाचा शर्ट घालून शाळेच्या मैदानावर मिरवणारी. कोरी आज रात्री तीनशे किलोमीटर लांब असणार होता. त्या दोघी इथेच असणार होत्या.

"एक करा," तो म्हणाला. "पोरगा सही करील. पण त्याला क्लबनं विकलं, हे तुम्ही स्वतः गावाला सांगा. तुमच्या तोंडानं."

"तसं सांगितलं तर पत्र खोटं ठरतं," फिलिपा हळू आवाजात म्हणाली. "लीग सहा लाख परत धरील, आणि वर फसवणुकीचा ठपका. मिस्टर थॅकरे, पत्र एकदा दिलं की ते कायम खरंच ठेवावं लागतं. आम्हालाही. तुम्हालाही."

"आणि नाही दिलं तर?"

"सहा गुण वजा. गेल्या मोसमात आम्ही दोन गुणांनी वाचलो. खालच्या गटात गेलो, तर या इमारतीतली निम्मी माणसं घरी जातील. मी धरून."

कोरी इतका वेळ कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "मघाशी एजंटाला मेसेज केला. तो म्हणतोय, सही करू नको, पैसे तुझे आहेत. बाबा, तू काय म्हणतोस?"

बाप म्हणून क्लाइव्हला एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो त्याने म्हटला. "नको."

"आईसाठी?"

"आईसाठी. जोसीसाठी. तू तिथं असशील, कोरी. रस्त्यावर त्या दोघी असतील."

"आणि सहा गुण गेले तर? कुणामुळे गेले, हे या गावाला कळणार नाही असं वाटतं तुला? सहा लाखांसाठी थॅकरेच्या पोरानं क्लब बुडवला, असं म्हणतील. तेव्हा काय फुलं पाठवतील आईला?"

पोरगा चुकत नव्हता, आणि हेच सर्वांत भयंकर होते. एका दारात कुत्रे होते आणि दुसऱ्या दारातही तेच कुत्रे होते.

"निदान क्लब तरी राहील," कोरी म्हणाला. त्याने पेन घेतले. पोरांच्या शर्टांवर करायचा तशीच सही त्याने केली, गोल आणि लांब शेपटीची. मग आपण काय केले ते पाहून त्याने पेन खाली ठेवले.

साडेचारला कागद लीगकडे पोहोचला. घोषणा सहाला करायची ठरली, म्हणजे तोवर क्लाइव्ह घरी पोहोचून डेनिसला समोरासमोर सांगू शकला असता. सॉल्टमार्शची मोटार मागच्या दाराशी उभी होती.

"पोहोचलास की फोन कर," क्लाइव्ह म्हणाला.

"तूही मागच्या दारानंच जा, बाबा."

"व्हॅन पुढं आहे. आणि मी का लपू? कुणी बघितलं तर तेच धरून बसतील."

फाटकाच्या बाहेर सतरा-अठरा माणसे होती. हिशेबाचे वर्ष संपते त्या दिवशी घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन तिथे जमायचे आणि कोण जाते ते पाहायचे, ही गावची अलीकडची रीत. अडसराचा दांडा वर जाण्याची वाट पाहत क्लाइव्ह थांबला. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना त्याचे नाव आणि फोन नंबर हातभर अक्षरांत रंगवलेला होता.

वॉल्टर ग्रिमशॉने खिडकीच्या कडेवर कोपर टेकले. बावीस वर्षे मैदानात दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. "काय रे, आतमध्ये गळती लागली की काय? का अध्यक्षांचं डोकं गरम झालंय?"

"तसंच काहीतरी."

"कोण चाललंय? तो स्वीड असेल तर स्टेशनवर मी सोडतो. पेट्रोल माझं."

क्लाइव्हने हसण्याचा प्रयत्न केला. ओठ वळले, पण दातांना चिकटून राहिले.

"कोरीला सांग, कुठं हलायचं नाही. आपल्या गल्लीतलं ते एकच पोरगं उरलंय संघात."

दांडा सावकाश वर जाऊ लागला. त्याच वेळी घडीच्या खुर्चीतल्या एका बाईचा फोन वाजला. मग तिच्या शेजाऱ्याचा. मग तिघांचा एकदम. सॉल्टमार्शने सहाची वाट पाहिली नव्हती. बोलणी थांबली, माना खाली गेल्या आणि एकेक करून व्हॅनकडे वळल्या. वॉल्टर खिशात चष्मा चाचपत होता. कोणीतरी त्याला वाचून दाखवले: "थॅकरे. सॉल्टमार्शला. खेळाडूच्या लेखी विनंतीवरून."

वॉल्टरचे कोपर खिडकीवरच होते. त्याने आवाज चढवला नाही. "क्लाइव्ह, खरं सांग. त्यानं स्वतः मागितलं?"

दांडा पूर्ण वर गेला होता. समोरचा रस्ता मोकळा होता. खरे उत्तर एका शब्दाचे होते, आणि त्याची किंमत सहा गुण आणि फसवणुकीचा ठपका होती; आणि तो शब्द ऐकायला सतरा-अठरा माणसे थांबली होती.

"हो," क्लाइव्ह म्हणाला. "त्यानंच मागितलं."

वॉल्टरने कोपर काढून घेतले, जणू पत्रा तापला होता. तो दोन पावले मागे सरकला. घडीच्या खुर्चीतली बाई उठली, व्हॅनच्या बाजूला गेली आणि नाव व नंबर नीट चौकटीत येईल असा फोन धरून तिने फोटो काढला. मग दुसऱ्याने काढला. क्लाइव्हने गियर टाकला, तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. अनोळखी नंबर होता. तो बंद झाला आणि लगेच दुसरा आला. घर साडेतीन किलोमीटरवर होते. डेनिसची सुट्टी व्हायला अजून वीस मिनिटे होती.

लीगने हिशेब तपासून सप्टेंबरात निकाल जाहीर केला. कॉल्डरविक रोव्हर्सचे वजा झालेले गुण : शून्य.